प्रकल्प नोंदी: कट्टा चालू, वजन कमी

७ जुलै, सोमवार

काल आषाढी झाली, आज उपास सोडला आणि प्रकल्प सुरू केला. ऑफिसात दिवसभर प्रोजेक्टचे लॉग लिहिते, तर हेही तसंच लिहायचं, तारीख टाकून, जे झालं ते.

आजची स्थिती. उंची १५८ सेमी, वजन ७१.४ किलो, कंबर ९२ सेमी, एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची टेस्ट, ५.९. डॉक्टर म्हणाल्या ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिस अजून नाही, पण आईला आहे, मावशीला आहे, तेव्हा जे करायचं ते आत्ताच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २८.६ येतोय. जगभराच्या तक्त्यात हा नुसता ओव्हरवेट दिसतो पण आपल्या लोकांसाठी २३ ला ओव्हरवेट आणि २५ ला लठ्ठपणा सुरू होतो आणि बायकांची कंबर ८० सेमीच्या आत पाहिजे, कारण आपल्याकडे कमी वजनातही चरबी पोटाभोवतीच साठते आणि साखर लवकर वर जाते. मला हे माहीतच नव्हतं, आणि ग्रुपमधल्या कुणालाच माहीत नव्हतं असं आज विचारल्यावर कळलं.

टार्गेट ५ किलो. हा आकडा उगाच नाही घेतलेला. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम म्हणून मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचे निकाल आले, त्यात लोकांना वजन ७ टक्के कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला एवढंच टार्गेट दिलं होतं आणि त्या लोकांमध्ये डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. माझ्या वजनाचे ७ टक्के म्हणजे पाच किलोच होतात.

आता या प्रकल्पात काय करायचं नाही ते. मित्रमंडळी सोडायची नाहीत. ऑफिसमधली एक मैत्रीण तीन महिने कुठ्ठे गेली नाही, वाढदिवस नाही, बारसं नाही, वजन छान उतरवलं तिने, आणि मग डिसेंबरात लग्नं सुरू झाली तसं सगळं परत आलं, कारण चार माणसांत बसून कसं खायचं हे त्या तीन महिन्यांत करून बघायची वेळच आली नव्हती. मला तो रस्ता नकोय. कॉलेजपासूनचा आमचा ग्रुप, ठाण्यात आता मोजके उरलोय, घोडबंदरवाली, वर्तकनगरवाली, कळवेकर, बँकवाला आणि नौपाड्यातली मी. कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, हे सगळं त्या भेटीत कळतं. ते सोडून मिळालेले पाच किलो मला नकोत.

डाएटिशियनने दिवसाला १५०० कॅलरी दिल्यात, प्रोटीन ६० ग्रॅमच्या आसपास. मी तिला विचारलं की हिशोब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेवला तर चालेल का, तर हो म्हणाली. आठवड्याचे १०,५००. सहा दिवस १४०० ने काढले तर ८४०० होतात, म्हणजे शनिवारसाठी २१०० राहतात. शनिवार कट्ट्याचा.

१२ जुलै, शनिवार

प्रकल्पातला पहिला कट्टा, तलावपाळी. पाऊस थांबलेला, गर्दी भरपूर, शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

घरून निघायच्या आधी वाटीभर मटकीची उसळ आणि ताक घेऊन निघाले. डाएटिशियनचा सल्ला एकच होता की रिकाम्या पोटी जाऊ नकोस, आणि तो कामाचा निघाला, कारण पोहोचल्या पोहोचल्या जे पहिल्या दहा मिनिटांत हावरटासारखं खाल्लं जातं ते झालं नाही. भेळ घेतली, वरून शेव न घालता, कांदा कैरी जास्त. भैय्याला सांगितलं की तो देतो तशी, दोनदा विचारतो, पण देतो.

ग्रुपला सांगितलं का? हो, सरळ सांगितलं. साखर बॉर्डरवर आलीये, पाच किलो उतरवायचेत, भेटायला येणारच आहे, फक्त आग्रह करू नका. बँकवाला लगेच "अगं एका शेवपुरीने काय होतंय" वर गेला आणि कळवेकर त्याला म्हणाला, "तिला साखर आलीये रे, गप ना." साखर आलेली नाहीये अजून, पण त्याने बाजू घेतली ते बरं वाटलं.

१९ जुलै, शनिवार

आजची नोंद मोठी होणार, कारण आज एक गोष्ट नीट दिसली.

पावसामुळे तलावपाळी रद्द, गोखले रोडच्या एका हॉटेलात बसलो. स्टार्टर मध्ये ठेवले, पनीर चिली, क्रिस्पी कॉर्न, हरा भरा कबाब. मी ठरवून माझ्या हाताकडे लक्ष ठेवून होते. वर्तकनगरवाली तिच्या सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल सांगत होती, ऑपरेशन करावं की नाही, घरात दोन मतं, आम्ही सगळे तिच्याकडे बघत ऐकतोय आणि सगळ्यांचे हात मधल्या प्लेटकडे चाललेत. कुणाचंच प्लेटकडे लक्ष नाही. कॉर्न संपला तेव्हा वेटरने न विचारता रिकामी प्लेट उचलली आणि बँकवाला म्हणाला "अजून एक सांग रे", आणि त्याला विचारलं असतं की तू किती खाल्लास तर तो काहीही सांगू शकला नसता, कारण खरंच कळत नाही. भूक म्हणून कुणी खातच नव्हतं. बोलणं चालू होतं म्हणून खाणं चालू होतं.

घरी येऊन शोधलं तर यावर चक्क संशोधन आहे. जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांकडून खाण्याच्या डायऱ्या लिहून घेतल्या होत्या, १९८९ च्या त्याच्या अभ्यासात चारचौघांत घेतलेलं जेवण एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी मोठं निघालं. नंतरच्या कामात त्याने जे कारण मांडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसं सोबत असली की आपण भराभर खातो असं नाही, आपण जास्त वेळ टेबलावर बसतो. वेळ वाढला की खाणं वाढतं. आणि घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर हे अजून होतं, कारण तिथे आपण मोकळे असतो.

म्हणजे अडचण माझ्या मित्रांत नाही आणि पनीर चिलीतही नाही, आम्ही खाण्यासमोर बसून गप्पा मारतो यात आहे. गप्पा तेवढ्याच मारायच्या, पण खाणं उरकलं की तिथून उठून.

प्लॅनमध्ये दोन बदल. मधल्या प्लेटमधून खायचं नाही, जे हवं ते सुरुवातीलाच माझ्या प्लेटमध्ये वाढून घ्यायचं आणि ते संपलं की संपलं. आणि खाऊन झालं की "चला उठूया" म्हणायचं काम माझं.

२१ जुलै, सोमवार

काल कळवेकराकडे गच्चीवर गटारी. अमावस्या यंदा गुरुवारी येतेय, ग्रुपमधले दोघं गुरुवार पाळतात, म्हणून रविवारीच उरकली. कोंबडी वडे, सुकं, रस्सा, भात, सोलकढी. वहिनींनी सकाळपासून राबून केलेलं, ते टाळायचं माझ्या मनातही नव्हतं. मी सुक्यातले पीस जास्त घेतले, एक वडा, भात नाही, सोलकढी दोन वाट्या. वहिनी "अगं काहीच घेतलं नाहीस" म्हणाल्या तेव्हा मी त्यांना सुक्याला काय वाटण लावलं ते विचारलं, आणि मग त्या खोबरं किती भाजायचं, तिरफळ घालायचं की नाही हे सांगत बसल्या आणि वाढायचा चमचा खाली राहिला. हे मी डावपेच म्हणून लिहीत नाहीये, त्यांना खरंच ते सांगायला आवडतं आणि मला ऐकायला. आग्रहामागे एवढंच असतं बऱ्याचदा, की मी केलेलं तुला आवडलं का.

बिअरचा हिशोब इथे लिहून ठेवते कारण बँकवाल्याने विचारला होता. ६५० मिलीची बाटली, ५ टक्केवाली, तिच्यात साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल, ग्रॅमला ७ कॅलरी म्हणजे नुसत्या अल्कोहोलच्याच १७५-१८०, बाकीचं वेगळं. पण खरा फटका चकण्याचा. खारे शेंगदाणे मूठभर, ३० ग्रॅम धरले तरी १७० च्या आसपास, आणि मूठ एकच कोण घेतं. मी ग्लासात सोडा लिंबू मीठ घेऊन बसले, हातात ग्लास असला की कुणी विचारत नाही.

आज सकाळी काट्यावर ७१.८. काल सकाळी ७०.६ होतं. एका रात्रीत १.२ किलो. हे वाचणाऱ्या कुणाच्याही बाबतीत असं झालं तर घाबरायचं कारण नाही, गणित करून बघा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी. १.२ किलो चरबी वाढायला नेहमीच्या जेवणावर ९००० पेक्षा जास्त कॅलरी लागतील, एवढं कोंबडी वड्यांत कुणी खाऊच शकत नाही. हे मिठामुळे धरून ठेवलेलं पाणी आहे, पोटात असलेलं अन्न आहे, आणि शरीर जे ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, ठेवतं त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरतं ते आहे. लोक नेमके इथेच प्लॅन सोडतात, काल वाटोळं झालं तर आज पण होऊ दे म्हणून, किंवा दुसऱ्या दिवशी उपाशी राहतात आणि संध्याकाळी वडापाववर तुटून पडतात. मी आज नेहमीचंच जेवणार. पोळी, भाजी, आमटी, ताक.

२४ जुलै, गुरुवार

७०.४.

५ ऑगस्ट, मंगळवार

वर्तकनगरवालीच्या धाकट्या बहिणीचं यंदा लग्न झालं, तिची पहिली मंगळागौर पुढच्या मंगळवारी. आम्हा बायकांना खेळायला बोलावलंय आणि म्हणून आठवडाभर संध्याकाळी तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. झिम्मा, फुगडी, बस फुगडी, पिंगा, आगोटा पागोटा, लाट्या बाई लाट्या. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत सगळ्या भिंतीला टेकून बसलो. तिच्या आत्या, साठीच्या पुढच्या, त्या मात्र बस फुगडी घालत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि आल्या, श्वास न चढता. मांड्यांना जे लागतं ना बस फुगडीत, ते जिमच्या स्क्वॉट्सला मागे टाकेल.

मला यात फार आनंद झालाय. ही भेट आहे, हसणं आहे, गप्पा आहेत, नवऱ्यांबद्दल बोलणं आहे, आणि मध्ये प्लेटच नाही. पाण्याच्या बाटल्या फक्त. आपल्या आज्यांनी श्रावणात बायकांना एकत्र आणायची जी रीत काढली ती रात्रभर खेळायची होती, बसून खायची नव्हती, हे कधी असं बघितलंच नव्हतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

मंगळागौर झाली. जेवणात भाजणीचे वडे, मुगाची खिचडी, मटकीची उसळ. प्लेटमध्ये उसळ आणि खिचडी, दोन वडे, वर तूप एक छोटा चमचा, पाच ग्रॅम म्हणजे ४५ कॅलरी, तेवढं घेतलंच. खेळून खेळून घसा बसलाय. रात्री एकला घरी.

आज वजन ६९.७. सत्तरच्या खाली आले.

घोडबंदरवालीचं एक बोलणं मनात राहिलंय. रिक्षात येताना म्हणाली, "तू हल्ली आमच्याबरोबर असतेस पण तुझं लक्ष ताटात असतं असं वाटतं मला." ती मनातलं बोलते, म्हणूनच ती मैत्रीण. मी तिला म्हटलं की सुरुवातीचे आठवडे तसंच असणार गं, गाडी शिकताना माणूस गिअरकडेच बघतो. पण तिचं म्हणणं बाजूला टाकण्यासारखं नाही. म्हणून आता टेबलवर मोबाईल काढून कॅलरी लिहिणं बंद, जे लिहायचं ते घरी येऊन. आणि आकड्यांबद्दल टेबलवर बोलणं बंद. समोरचीने गुलाबजाम उचलला की त्यात किती कॅलरी हे तिला सांगायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, आणि त्याने तिचा घास कडू होतो.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती. चार दिवसांत इतक्या घरी जाणं झालं की मोजत नाही. प्रत्येक घरात मोदक, पेढा, करंजी, चहा.

गणपतीत मी वजन उतरवायच्या भानगडीत पडत नाहीये, जे आहे ते टिकवायचं एवढंच टार्गेट ठेवलंय, गौरी जाईपर्यंत. आईकडे दीड दिवसाचा असतो, तिथे उकडीचे मोदक पोटभर खाल्ले, तूप घालून, कारण ते वर्षातून एकदाच आणि आईच्या हातचे. बाकी घरी प्रसाद म्हणून पेढ्याचा तुकडा हातावर घ्यायचा आणि चहाला बिनसाखरेचा सांगायचा. बिनसाखरेचा चहा हल्ली कुणालाच खटकत नाही, प्रत्येक घरात एक तरी साखरवालं माणूस आहे. जिथे काकूंनी पुरणपोळी केलेली असते तिथे "काकू, अर्धी द्या, उरलेली डब्यात द्या, उद्या सकाळी खाईन" असं म्हणते आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला खाते. काकू खूष, मी पण.

आणि एका घरून दुसऱ्या घरी चालत. नौपाड्यातून पाचपाखाडी, तिथून चरई, तिथून टेंभी नाका, विसर्जनाच्या गर्दीत रिक्षा तशीही मिळत नाही.

वजन ६९.५, जवळजवळ हललं नाही. ठरवलं होतं तसंच.

१४ सप्टेंबर, रविवार

शनिवारचा कट्टा एकदा तरी रविवार सकाळी करून बघू असं मी महिनाभर म्हणत होते, आज जमलं. उपवनला गाड्या लावल्या आणि येऊरचा चढ. पाऊस उघडलेला, सगळं हिरवंगार, डोंगरावरून अजून पाणी येतंय. उजाडल्यावरच निघालो, ते संजय गांधी उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे, अंधारात जायचं कारण नाही.

पाच जणांतले तिघंच आलो. बँकवाल्याने आदल्या रात्रीच सांगितलं होतं की रविवारी सकाळी तो झोपणार, आणि वर्तकनगरवालीच्या मुलाची परीक्षा. ते ठीक आहे. चालणं सगळ्यांवर लादायचं नाही हेही मला या प्रकल्पात पाळायचंय, नाहीतर भेटीचा क्लास होतो.

पण एक सांगते. चढावर कळवेकर त्याच्या नोकरीबद्दल बोलला. कंपनीत माणसं कमी करतायत, त्याचं नाव यादीत असेल अशी त्याला भीती आहे, जूनपासून झोप नाही. आम्ही जूनपासून दर शनिवारी भेटतोय आणि टेबलवर हे एकदाही आलं नव्हतं. शेजारी शेजारी चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, म्हणून असेल, पण बोलला, बराच वेळ बोलला, आणि घोडबंदरवालीच्या दिराच्या ऑफिसात जागा आहे का ते विचारायचं ठरलं. मी घरी येऊन आधी हे लिहिलं आणि मग वजन.

खाली उतरून शहाळं प्यायलो, मग मिसळ खायची टूम निघाली आणि मामलेदारला गेलो. मीडियम, तर्री वेगळी मागितली, वरून दोनच चमचे, एक पाव. तर्री म्हणजे तेल, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, एवढं लक्षात ठेवलं की मिसळीशी भांडायची गरज नाही. खाली मटकीच आहे की.

६८.८.

२७ सप्टेंबर, शनिवार

नवरात्र. घोडबंदर रोडच्या सोसायटीत गरबा, दोन तास नॉनस्टॉप. उपासवाल्यांसाठी साबुदाणा वडे होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावाला, आणि तो तळलेला. एक चाखला, पुढे ताक. भगर आणि शेंगदाण्याची आमटी असती तर जास्त आवडलं असतं, पुढच्या वर्षी सुचवणार.

ऑफिसमध्ये चारचा समोसा हा विषय अजून सुटलेला नाही. डब्यात चणे नेते, ते संपवते, आणि समोशाचा वास आला की उठून पाणी आणायला जाते. चालू आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी, परत कळवेकराची गच्ची. दूध मी करते म्हणून आधीच सांगितलं होतं. जे करेल त्याच्या हातात प्रमाण असतं, ही या तीन महिन्यांतली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. फुल क्रीम दुधात फॅट निदान ६ टक्के असतं, टोन्डमध्ये ३, मी दोन्ही अर्धं अर्धं घेतलं. दूध सावकाश आटवलं की त्याची स्वतःची गोडी वर येते, मग साखर नेहमीच्या निम्मी लागते. बदाम पिस्ते भिजवून साल काढून जाडसर वाटले, केशर कोमट दुधात आधी भिजवून, वेलची आणि जायफळ अगदी शेवटी. चारोळी भरपूर. एकालाही साखर कमी आहे असं वाटलं नाही, बँकवाल्याने दुसऱ्यांदा मागितलं. कप मुद्दाम छोटे नेले होते, कटिंगच्या ग्लासाएवढे.

दूध रात्री बारापर्यंत प्यायचं नसतं, चंद्र वर यायचा असतो, म्हणून तोवर अंताक्षरी, पत्ते. भेळ केली होती वहिनींनी, साडेनऊलाच खाऊन भांडी खाली गेली. भांडी खाली नेऊया हे मी नाही म्हणाले, घोडबंदरवाली म्हणाली, "चला आवरून टाकू, नाहीतर खात बसतो आपण." मी तिच्याकडे बघितलं, ती पत्ते पिसत होती.

कळवेकराच्या नोकरीचं अजून ठरलेलं नाही, दुसरा इंटरव्ह्यू महापेला आहे शुक्रवारी. हसत होता काल बऱ्यापैकी.

६७.६.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तीन महिने झाले म्हणून टेस्ट परत केली. एचबीए१सी हे लाल पेशींवर बसलेल्या साखरेचं माप, त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तीनेक महिन्यांआधी घाईने टेस्ट केली तर पूर्ण फरक कळत नाही. रिपोर्ट ५.६. डॉक्टर म्हणाल्या प्रीडायबेटिसच्या रेषेच्या खाली आलाय पण काठावरच आहे, चालणं सोडू नका, सहा महिन्यांनी परत. वजन ६७.२, कंबर ८७. टार्गेटला अजून ८०० ग्रॅम कमी आहेत आणि कंबर ८० ला यायला बराच वेळ लागेल, म्हणजे प्रकल्प बंद होत नाही, पुढच्या टप्प्यात जातो.

रिपोर्ट ग्रुपवर टाकला. बँकवाल्याने थम्ब्स अप दिला आणि अर्ध्या तासाने वेगळा फोन केला, "ती टेस्ट कुठे केलीस, उपाशी जावं लागतं का?" एचबीए१सीला उपाशी जावं लागत नाही, पण त्याला फास्टिंग शुगर आणि लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची टेस्ट, पण करायला सांगितलंय, म्हणजे उपाशीच जाणं बरं. त्याची कंबर माझ्यापेक्षा बरीच जास्त आहे, पुरुषांना ९० सेमीची रेषा. शुक्रवारी सकाळी त्याच्याबरोबर लॅबला जाणार आहे, ऑफिसला उशिरा येते सांगितलंय.

दिवाळी सोमवारी. नरकचतुर्दशीला पहाटे सगळी ठाण्याची तरुण मंडळी राम मारुती रोडला आणि तलावपाळीला उतरतात, आम्हीही जातो. फराळाचं असं ठरलंय की प्रत्येकाने एकच पदार्थ करायचा आणि तोही मोजका, पाच घरं पाच पदार्थ, आणि वाटून घ्यायचं. दरवर्षी पाचही घरांत पाच पाच डबे भरलेले असायचे आणि ते डबे नोव्हेंबर संपेपर्यंत चहाबरोबर संपवले जायचे. चकली माझ्याकडे, चिवडा घोडबंदरवालीकडे, पातळ पोह्यांचा, पोहे भाजून, तळून नाही, हे तिचं तिनेच ठरवलं. लाडू वहिनींचे, बेसनाचे, त्यात तूप कमी करा असं सांगायची कुणाची हिंमत नाही आणि करूही नये, एक लाडू खायचा पण तसाच खायचा.

शनिवारी भाजणी दळून आणायची. डिसेंबरात दोन लग्नं आहेत, एक बदलापूरला आणि एक नेरुळला, त्यांचा आठवड्याचा हिशोब आधीच मांडून ठेवायचाय, आणि नेरुळच्या लग्नात बुफे आहे की पंगत ते विचारायचं राहिलंय.